तारापूरची निळाई: पांढरा रुमाल घेऊन जा

इंदूरहून रतलाम, मंदसौर, नीमच करत मध्य प्रदेशातल्याच जावदजवळच्या तारापूरला पोहोचायला पावणेतीनशे किलोमीटरच्या वर होतात. एका दिवसात जाऊन यायचं म्हटलं तर रस्ताच बघून होतो. नीमचला मुक्काम करा.

गाव नांदणा छपाईचं, म्हणजे ठसे मारून निळीत रंगवलेल्या कापडाचं. भिल्ल बायकांच्या घागऱ्यांसाठी छीपा कारागीर हे कापड करत आले. मिरची, चंपाकळी, आंबा ही नक्षी त्या घागऱ्यांपासूनची.

कारखान्यात शिरल्यावर दुकानाकडे वळू नका, आधी निळीचा हौद बघा. नीळ पाण्यात विरघळत नाही. चुना-गुळावर हौद आंबला की तिचं क्षपण होतं, म्हणजे तिच्यातला निळेपणा जाऊन ती विरघळण्याजोगी होते, आणि मग ती चुन्याच्या पाण्यात उतरते. वर तांबूस झळाळीचा फेस आणि खाली पिवळट हिरवं पाणी दिसलं की हौद लागलाय, रंगवायला तयार आहे. पाणीच निळं दिसलं तर हौद बसलेला, म्हणजे बिघडलेला. त्यातला रंग नुसता वर चिकटतो आणि पुढे अंगाला लागतो. कापड बाहेर येतं तेव्हा पोपटी असतं, हवा लागली की डोळ्यांदेखत निळं होत जातं. हे दोन-तीन मिनिटांचं काम बघण्यासाठीच एवढा प्रवास. (आपण धोतराला देतो ती नीळ वेगळी, तिचा इथे संबंध नाही.)

नक्षीवर निळा रंग चढू न देणारा लेप म्हणजे डाबू: माती, चुना, डिंक, किडलेल्या गव्हाचं पीठ. ठसा मारला की ओल्यावरच लाकडाचा भुसा भुरभुरवतात, म्हणजे घडी चिकटत नाही. गरम पाण्यात डाबू सुटतो, म्हणून त्याची जोडी थंड हौदातल्या निळीशीच जमते. डाबू तडकून आत शिरलेल्या बारीक निळ्या रेघा हा दोष समजू नका. ठशाची कडच फिसकटली असेल तर मात्र डाबू पातळ होता, ते कापड घेऊ नका.

गडद निळ्यासाठी एकच लांब बुडी चालत नाही. चार-पाच छोट्या बुड्या, प्रत्येकीनंतर हवा. घाईच्या मालात हे वाचवतात, शेवटची धुलाईही. म्हणून ओला पांढरा रुमाल दहादा घासून बघा. फिकट छटा आली तर चालेल, रुमाल निळा झाला तर नाही.

‘नैसर्गिक’ म्हणून जास्त पैसे मागितले तर हौदात काय घातलंय ते विचारा. झाडाची नीळ आणि कारखान्याची नीळ डोळ्यांना सारखीच दिसते.

पावसाळ्यात डाबू वाळत नाही, कडक थंडीत हौद मंदावतो. ऑक्टोबर-नोव्हेंबर बरा. निघण्याआधी फोन करून हौद चालू आहे ना, एवढं विचारून घ्या.