लोकगीतं जमवताना काय जपायचं: शब्द की चाल?
कवी-कादंबरीकार वॉल्टर स्कॉटने स्कॉटलंडच्या सीमाभागातली कथागीतं १८०२पासून छापली, पण चालींशिवाय. शिवाय ओळी स्वतः सुधारून. कवी जेम्स हॉगच्या, ही गाणी गाणाऱ्या आईने स्कॉटला तोंडावर सुनावलं, हॉगनेच लिहून ठेवलंय: ही गायची गाणी होती, वाचायची नव्हे, आता ती कुणी गाणार नाही. तरी स्कॉटमुळे ती दूरवर पोचली, हे मान्यच.

मला मात्र स्कॉटलंडमधल्याच ॲबरडीनशायरचे शाळामास्तर गॅविन ग्रेग आणि पाद्री जेम्स डंकन जवळचे वाटतात. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला त्यांनी शब्दांसोबत हजारो चालीही टिपल्या. डंकनच्या बहिणीकडून, मार्गारेट गिलेस्पीकडून, एकटीकडूनच ४००हून अधिक गाणी मिळाली! ती गायची, तो आपल्या सारेगमसारख्या सोल-फा अक्षरांत चाल उतरवायचा. त्या वह्यांवरून आजही गाता येतं. फक्त या संग्रहाचे आठ खंड छापून व्हायला २००२ उजाडलं.