खोटं कॅलिब्रेशन सर्टिफिकेट, खोटी केबल आणि आमचे ७,०९,४१५ रुपये

इथे बरेच जण फर्नेस, ओव्हन, बॉयलर असलं काहीतरी चालवणारे आहेत म्हणून सरळ मुद्द्याचंच सांगते. ज्याच्याकडून सेन्सर घेताय त्याच्याच हातून कॅलिब्रेशन सर्टिफिकेट (सेन्सर किती बरोबर दाखवतो याचा लॅबचा कागद) घेऊ नका. "मॅडम, विथ एनएबीएल देतो" (एनएबीएल म्हणजे लॅबला मान्यता देणारी संस्था) हे वाक्य ऐकलं की तिथेच थांबा. सेन्सर वेगळा घ्या, लॅबला स्वतः पाठवा, बिल लॅबचं तुमच्या नावावर घ्या. आमच्या बाबतीत हे झालं नाही आणि ते का झालं नाही हेही लिहिते, कारण "तुम्ही बघून घ्यायला हवं होतं" हे ऐकून ऐकून डोकं फिरलंय.

भोसरी एमआयडीसीत आमचं हीट ट्रीटमेंटचं, म्हणजे स्टीलचे पार्ट भट्टीत तापवून कडक करायचं, छोटं जॉबवर्क युनिट आहे. दोन पिट फर्नेस आणि एक टेम्परिंग. शॉप फ्लोअर आमचे हे बघतात, क्वालिटी आणि परचेस माझ्याकडे. मी इन्स्ट्रुमेंटेशनचा डिप्लोमा केलाय, लिहिता वाचता येत नाही म्हणून फसले असं नाहीये. कस्टमरचं सीक्यूआय-९ चं (हीट ट्रीटमेंटसाठीचं वाहन उद्योगाचं स्टँडर्ड) ऑडिट डोक्यावर होतं, जुने के टाइप थर्मोकपल (फर्नेसमधलं तापमान मोजणारे सेन्सर) खूप चाललेले, त्यांनी सगळे बदला आणि प्रत्येकाचं सर्टिफिकेट दाखवा म्हणून मेल टाकलेला. नेहमीच्या पार्टीचं कोटेशन आलं १,४५,००० अधिक जीएसटी, पण डिलिव्हरी सहा आठवडे. मग गल्लीतल्याच एका युनिटवाल्याने नंबर दिला, मुंबईची पार्टी, आमच्याकडे सप्लाय करतात म्हणाला.

त्यांचं बिल असं होतं. इन्कोनेल ६०० शीथचे (निकेलच्या मिश्रधातूचं बाहेरचं आवरण) एमआय थर्मोकपल १२ नग, २,१५० प्रमाणे २५,८००. के टाइपची एक्सटेंशन केबल (थर्मोकपलपासून पॅनलपर्यंतची) २०० मीटर, ६८ रुपये मीटर, १३,६००. पीआयडी कंट्रोलर ४ नग १८,४००. आठ चॅनेलचा रेकॉर्डर ४६,०००. आणि सतरा सर्टिफिकेट ८५० प्रमाणे १४,४५०. बेरीज १,१८,२५०, वर जीएसटी २१,२८५, एकूण १,३९,५३५. ॲडव्हान्स ९७,६७५ आरटीजीएसने, बाकी ४१,८६० डिस्पॅचच्या आधी. आता बघा, खऱ्या कोटेशनपेक्षा फरक होता २६,७५० चा. अर्ध्या किमतीत मिळत असतं तर कुणालाही शंका आली असती, पण एवढा फरक तर भोसरीत दोन दुकानांत सहज असतो. हे लोक किंमत मुद्दाम तेवढीच कमी ठेवतात.

माल आला, त्यांचा मुलगा बसवायला आला. थंड फर्नेसवर डिस्प्लेला ३४ दाखवलं, खोलीतला थर्मामीटरपण ३४. उकळत्या पाण्यात टोक बुडवून दाखवलं, ९८ आलं, आणि पुण्याच्या उंचीला पाणी साधारण ९८ लाच उकळतं, १०० ला नाही, म्हणजे अगदी बरोबर. मी समोर उभी राहून बघितलंय. आता सांगा यात कुणाला काय दिसणार?

फ्रॉड इथेच होता. केबल के टाइपची नव्हतीच, हिरव्या कव्हरच्या आत साधी तांब्याची वायर. थर्मोकपलचं हेड (फर्नेसबाहेरचं टोक, जिथे केबल जोडतात) आणि डिस्प्लेचं पॅनल एकाच तापमानाला असेल तोवर तांब्याची वायर लावली तरी रीडिंग बरोबरच येतं. म्हणून थंड फर्नेसवर आणि उकळत्या पाण्यात सगळं छान. फर्नेस तापली, वरचं हेड ९०-९५ ला गेलं आणि पॅनल पंख्याखाली ३८-४० ला राहिलं की तेवढ्या फरकाने डिस्प्ले कमी दाखवतो, पन्नास पंचावन्न डिग्री. डिस्प्लेवर ९२० आणि आत ९७० च्या वर. आणि ही एरर एका जागी राहत नाही, हेड जसं तापत जातं तशी वाढते, त्यामुळे सोमवारी सकाळची पहिली बॅच ठीक निघायची आणि नंतरच्या बिघडत जायच्या. पहिल्या बॅचची हार्डनेस आणि केस डेप्थ (वरच्या कडक थराची जाडी) दोन्ही चेक केले होते, दोन्ही ओके होते. चेक केलं नाही असं कुणी म्हणू नका.

आमच्याकडे फर्नेसवर एक मामा आहेत, हयात आगीसमोर गेली. ते दुसऱ्याच आठवड्यात म्हणाले, "वहिनी, जॉबचा रंग आज जास्त पिवळा दिसतोय, ९२० ला असा नसतो." मी डिस्प्ले बघितला, ९२०. रेकॉर्डर बघितला, ९२०. फाईल काढली, सर्टिफिकेट बघितलं, ९५० डिग्रीला एरर ०.९. मामांना म्हटलं, "मामा, सगळं नवीन आहे, कॅलिब्रेटेड आहे." हे वाक्य आजही रात्री आठवतं. पण मला सांगा, डोळ्यांनी बघितलेल्या रंगावर आणि सही शिक्क्याच्या कागदावर, ऑडिटर कशावर विश्वास ठेवतो? रंग जास्त वाटला म्हणून सेट पॉइंट खाली घेतला असं मी लॉगबुकात लिहिलं असतं तर त्याच ऑडिटरने मला नॉन-कन्फर्मन्स (दोषाचा शेरा) दिला असता.

आणि तो कागद. बारा थर्मोकपलची बारा सर्टिफिकेट, ४००, ६००, ८०० आणि ९५० ला रीडिंग, आणि बाराही कागदांवर एरर तीच, ०.४, ०.६, ०.७, ०.९. बारा वेगळे सेन्सर दशांशापर्यंत सारखे येऊच शकत नाहीत. अनसर्टन्टी (लॅबच्या मापात किती फरक असू शकतो) लिहिलेली ०.१५ डिग्री, ९५० ला! थर्मोकपलला त्या तापमानाला चांगल्या लॅबातसुद्धा एक दीड डिग्री असते. मास्टर (ज्याच्याशी तुलना करतात तो सेन्सर) म्हणून छापलं होतं पीटी-१००, म्हणजे प्लॅटिनमचा सेन्सर, अरे ९५० ला मास्टर एस नाहीतर आर टाइप थर्मोकपल लागतो, साधा पीटी-१०० सहाशेच्या पुढे कोण नेतं? सगळं कागदावर उघडं पडलेलं होतं. आणि ही फाईल मी ऑडिटच्या आदल्या संध्याकाळी लावली, बघितलं काय तर सिरीयल नंबर, तारीख, लोगो, सही, कारण ऑडिटला तेवढंच बघतात. दुसऱ्या दिवशी कस्टमरच्या माणसानेही तेच बघितलं आणि टिक केलं. पगार घेऊन ऑडिट करणाऱ्याला जे दिसलं नाही ते मला दिसायला हवं होतं हे कुठलं लॉजिक?

मग कस्टमरकडून लॉट रिजेक्ट आला. २०एमएनसीआर५ स्टीलच्या पिना, २,६४० नग. केस डेप्थ ०.८ ते १.० पाहिजे तिथे १.२५ च्या वर, हार्डनेस ५८ ते ६२ एचआरसी पाहिजे तिथे ५४-५५, ग्रेन जाड झालेली, आणि बऱ्याच पिना वाकलेल्या. डेबिट नोट १४२ रुपये नगाने ३,७४,८८०, वर सॉर्टिंग चार्जेस ३८,५००. म्हणजे ४,१३,३८०. पुढच्या बिलातून कापून मोकळे.

तेव्हा एका चांगल्या लॅबकडून टेस्ट थर्मोकपल आणि इंडिकेटर भाड्याने आणला आणि आमच्या कंट्रोल थर्मोकपलच्या शेजारी टाकला. आमचा डिस्प्ले ९२०, त्यांचा ९७४. ह्यांनी मेन बंद केला, केबल तिथेच कापली. हिरवं कव्हर सोललं, आत एक हिरवी आणि एक पांढरी वायर, अगदी के टाइपला असतात तशी. त्यांचं इन्सुलेशन ब्लेडने खरवडलं तर एक लालसर तांबं आणि दुसरीवर कथलाचा मुलामा, नखाने घासल्यावर खालून तेच तांबं. दाराला लावायचा छोटा मॅग्नेट जवळ नेला, दोन्ही वायरी हलल्यासुद्धा नाहीत. खऱ्या के टाइप एक्सटेंशन केबलमध्ये निगेटिव्ह वायर ॲल्युमेलची असते, ती मॅग्नेटला चिकटते, पॉझिटिव्ह चिकटत नाही. एवढी साधी टेस्ट आहे, बंडल उघडल्या उघडल्या करा. (कॉम्पेन्सेटिंग केबल म्हणून तांबं-कॉन्स्टंटनची पण मिळते, ती चिकटणार नाही, पण मग बिलावर एक्सटेंशन लिहिलेलं नको.)

शीथची पीएमआय टेस्ट (धातूत काय किती आहे ते बघणारी) केली. इन्कोनेल ६०० मध्ये निकेल ७२ टक्क्यांच्या वर पाहिजे, आलं ८ आणि क्रोमियम १८, म्हणजे सरळ एसएस ३०४. कार्बुरायझिंगच्या (स्टीलच्या वरच्या थरात कार्बन मुरवायच्या) वातावरणात ९२० ला ती किती टिकणार, पापुद्रे निघायला लागलेच होते. टेस्टिंगचे आणि भाड्याचे ११,५००. नवीन सगळं परत घेतलं त्याचे १,४५,०००, त्याचा जीएसटी धरत नाही कारण ते क्रेडिट मिळालं. पण पहिल्या बिलाचे २१,२८५ मिळाले नाहीत, पार्टीने रिटर्नच भरलं नव्हतं आणि नंतर बघितलं तर पोर्टलवर त्यांचा जीएसटी नंबरच कॅन्सल. ॲडव्हान्स पाठवायच्या आधी पोर्टलवर नंबर टाकून त्यांनी शेवटचं रिटर्न कधी भरलंय ते बघा, फुकट आहे, तिथेच दिसतं. पहिल्या बिलाचे १,३९,५३५ धरून सगळं मिळून ७,०९,४१५.

सर्टिफिकेटवर ज्या लॅबचं नाव होतं ती लॅब खरी आहे. फोन केला तर म्हणाले हा रिपोर्ट नंबर आमच्याकडे कुठल्यातरी प्रेशर गेजचा आहे, आणि आमचा टेम्परेचरचा स्कोप (मान्यता मिळालेली रेंज) ६५० पर्यंतच आहे. म्हणजे खऱ्या सर्टिफिकेटवर आकडे बदलून छापलेले. एनएबीएलच्या साइटवर प्रत्येक लॅबचा स्कोप उघडा ठेवलेला असतो, कुठल्या रेंजला किती अनसर्टन्टी जमते तेही असतं, आणि सर्टिफिकेटवरची अनसर्टन्टी त्याच्यापेक्षा कमी असूच शकत नाही. यूएलआर नंबरात (सर्टिफिकेटवर छापलेला त्याचा स्वतंत्र नंबर) लॅबचा नंबर आणि वर्ष असतं, ते जुळतंय का बघा आणि एक फोन करा. आता त्या लॅबला म्हटलं हे मला लेखी द्या, तर "मॅनेजमेंटला विचारून सांगतो". अजून विचारतायत. तुमच्या नावाने खोटे कागद बाजारात फिरतायत आणि तुम्हाला दोन ओळींचं पत्र द्यायला जड जातंय?

पोलिसांचं तर बोलायलाच नको. पहिलं वाक्य, "साहेब नाहीत का? त्यांना पाठवा." पार्टनर मी आहे, परचेस ऑर्डरवर सही माझी, तरी साहेब पाहिजेत. मग, "माल मिळाला ना मॅडम? मग फसवणूक कसली, क्वालिटीचा वाद आहे, सिव्हिल मॅटर." मी सांगतेय की कागद बनावट आहे, लॅबने ते सर्टिफिकेट दिलेलंच नाही, तर म्हणे केबल खोटी आहे असा सरकारी दाखला आणा. कुठलं सरकारी ऑफिस केबलचा दाखला देतं ते मात्र त्यांनाही माहीत नाही. मग पार्टी मुंबईची, तिकडे जा. तिकडे गेलो तर पैसे पुण्यातून गेले, तिकडे जा. सायबरवाले म्हणाले बिल आहे, माल आहे, हे आमच्यात बसत नाही. वजनमापाच्या ऑफिसात म्हणाले आम्ही खरेदी विक्रीचे काटे बघतो, भट्टीतलं तापमान नाही. वकिलाने सांगितलं ग्राहक आयोगाकडे जाऊ नका, २०१९ च्या कायद्यात धंद्यासाठी घेतलेला माल बसत नाही. समाधान पोर्टल आहे ते लघुउद्योगाचं येणं थकलं तर, आपण दिलेले पैसे बुडाले तर नाही. म्हणजे लघुउद्योगाने माल घेताना फसायचं असेल तर देशात दार एकही नाही! ह्या सगळ्यात किती दिवस गेले, ते पैसे वर धरलेलेच नाहीत.

शेवटी वकिलाच्या सांगण्यावरून लेखी तक्रार दिली, भारतीय न्याय संहितेचं कलम ३१८ फसवणुकीचं आणि सोबत बनावट दस्तऐवजाचं. हद्दीचं कारण सांगून परत पाठवत असतील तर झिरो एफआयआर मागा, आता तो कायद्यातच आहे. नाहीच घेतली तर वरिष्ठांना पोस्टाने लेखी पाठवा आणि पोच ठेवा, त्यानंतर मॅजिस्ट्रेटकडे जाता येतं. आम्ही आता त्या टप्प्याला आहोत. तोंडी काही बोलू नका, प्रत्येक ठिकाणी कागद द्या आणि शिक्का घ्या.

कापलेल्या केबलचे तुकडे आणि थर्मोकपल टाकून देऊ नका, फोटो काढून सील करून ठेवा, आमच्या पोराने अर्धी केबल भंगारात घातली होती, ती परत आणली. बसवायला आलेल्या माणसासमोर फर्नेस पूर्ण तापवून, हेड गरम झाल्यावर, दुसऱ्या थर्मोकपलने एसएटी (शेजारी टाकून दोन्ही रीडिंग जुळतात का ही टेस्ट) केल्याशिवाय उरलेले पैसे सोडू नका. थंड फर्नेसवरचा डेमो काहीच सिद्ध करत नाही. सेन्सरवर सिरीयल नंबर कोरलेला मागा, आमच्याकडे ॲल्युमिनियमचे टॅग होते, कुठल्याही सेन्सरला बांधता येतील असे. नऊशेच्या वर सतत चालवत असाल तर एन टाइप थर्मोकपल बघा, के तिथे लवकर ड्रिफ्ट होतो, म्हणजे रीडिंग हळूहळू सरकतं, आम्ही आता तोच घेतलाय. टेम्परिंगला दोनशेच्या आत पीटी-१००, थ्री वायर, आणि बर्फाच्या पाण्यात १०० ओहम येतो का हे मल्टिमीटरने लीडचा रेझिस्टन्स वजा करून स्वतः बघा.

त्या पार्टीने नाव बदललंय, पण ऑनलाइन लिस्टिंगला फोटो तेच आहेत, हिरव्या केबलचं बंडल लाकडी टेबलावर, आणि खाली लिहिलंय "विथ कॅलिब्रेशन". तुमच्या फाईलला बाराही सेन्सरची एरर सारखी असलेली सर्टिफिकेट असतील तर आजच काढून बघा आणि मला मेसेज करा. एकट्या तक्रारीला सिव्हिल मॅटर म्हणतात, चार युनिटवाले मिळून गेलो तर तेच म्हणणं त्यांना अवघड जाईल. पुण्यातले दोघं आधीच सोबत आलेत.