नॅट की हंटर?

भारतीय हवाई दलाची ही दोन्ही लढाऊ विमानं ब्रिटिश बनावटीची, दोन्ही १९६५ आणि १९७१ ची युद्धं लढलेली. हवेतल्या झटापटीसाठी मी नॅटच निवडेन. इतकं चिमुकलं, की शत्रूच्या नजरेस पडणंच मुश्कील. १४ डिसेंबर १९७१ ला श्रीनगरवर वैमानिक निर्मलजित सिंग सेखों पाकिस्तानच्या सहा सेबर लढाऊ विमानांना भिडले, ते नॅटमधूनच. तोफा मात्र ऐन वेळी दगा द्यायच्या. (१९६५ मध्ये एक नॅट चक्क पाकिस्तानात पसरूरला उतरलं, ते आता कराचीच्या संग्रहालयात आहे!)

हंटर दणकट गडी. ३० मिमीच्या चार तोफा, शिवाय रॉकेटं. १९७१ मध्ये राजस्थान सीमेवरच्या लोंगेवाला ठाण्यापाशी जैसलमेरच्या मोजक्या हंटरांनी पाकिस्तानी रणगाड्यांची दाणादाण उडवली. पण रात्री मारा करायची सोय नव्हती, त्यामुळे ठाण्यावरच्या जवानांना उजाडेपर्यंत एकट्यानेच किल्ला लढवावा लागला.