जुन्या पार्टांची पिशवी

"मिस्त्रीकडून जुने पार्ट मागून घ्या, म्हणजे फसत नाही," असं सगळेच सांगतात. मी मागून घेतले होते. तरीही १८,५०० रुपयांना फसलो, आणि फसलो ते त्या पार्टांमुळेच.

गाडी पेट्रोलवरची, चार सिलिंडरची, १४ वर्षं जुनी. डिसेंबरात थांबल्या जागी तिची रेस आपोआप वर-खाली व्हायला लागली. बॉनेटखालून सूंऽऽ असा बारीक आवाज. पळताना मात्र काही तक्रार नाही. अंबाजोगाईहून लातूरला गेलो, तर बर्दापूरला चहापुरतं थांबलो तेवढ्यातच काय ती थरथर. पुढं चेक इंजिनचा पिवळा दिवा लागला आणि गाडी एका गॅरेजला नेली. नाव लिहीत नाही.

सकाळचे आठ, कडाक्याची थंडी. मिस्त्रीनं गाडी सुरू केली आणि सायलेन्सरपाशी तळहात धरला. हातावर पाण्याचे थेंब, वर पांढरी वाफ. "बघा सर, पाणी फेकायलीय गाडी. हेड गॅसकेट गेलं. हाफ इंजिन करावं लागतंय."

हेड गॅसकेट म्हणजे इंजिनाचा खालचा ब्लॉक आणि वरचं हेड यांच्यामधलं, दर सिलिंडरला एक मोठं भोक असलेलं पॅकिंग. हाफ इंजिन म्हणजे हेड उघडून ते आणि पिस्टनच्या रिंगा बदलणं. थेंब मी डोळ्यांनी पाहिले होते, मग शंका कशाची घ्यायची? आता कळतंय की थंड इंजिनाच्या सायलेन्सरमधून सकाळी थेंब पडतातच. एक लिटर पेट्रोल जळलं की जवळपास लिटरभर पाणी तयार होतं. सायलेन्सर तापेपर्यंत त्यातलं थोडं थेंबांनी गळतं. हेड गॅसकेट खरंच गेलं असतं तर रेडिएटरचं पाणी कमी होत गेलं असतं, इंजिन तापलं असतं किंवा ऑइल दुधाळ झालं असतं. मी ना रेडिएटरचं झाकण उघडलं, ना ऑइलची पट्टी ओढून पाहिली. दोन मिनिटांचं काम होतं.

तिसऱ्या दिवशी गाडी मिळाली. रेस शांत, दिवा बंद. पैसे रोख. पावती म्हणून वहीचा फाडलेला कागद, त्यावर 'इंजिन काम' एवढंच. मी ऐटीत म्हटलं, जुने पार्ट द्या. त्यानं हसत पिशवी दिली. आत काळं पडलेलं हेड गॅसकेट, मूठभर रिंगा, दोन-चार ऑइल सील. वर सांगितलं, "रिंगा नव्या हायेत सर, ५०० किलोमीटर साठच्या वर जाऊ नका." मी इमानेइतबारे साठनं गाडी चालवली. मागून ट्रॅक्टरवाले हॉर्न द्यायचे.

संक्रांतीला भाचा आला, तेव्हा दिवा पुन्हा लागलेला होता आणि सूंऽऽ परत आलेलं. तो आयटीआयला मोटर मेकॅनिक शिकलेला. त्यानं स्कॅनर लावला. कोड आला पी०१७१, म्हणजे मिश्रणात हवा जास्त, पेट्रोल कमी. मग साबणाच्या पाण्याची फवारणीची बाटली घेऊन चालू इंजिनावर इनटेक मॅनिफोल्ड (सिलिंडरांत हवा नेणाऱ्या नळ्या) आणि हेडच्या सांध्यावर मारत गेला. तिसऱ्या सिलिंडरपाशी पाणी आत ओढलं गेलं, आवाज क्षणभर थांबला, रेस बसली. "मामा, इनटेकचं पॅकिंग गेलंय. इथून चोरटी हवा घेतीया. रेस कमी असती तवा आतली ओढ जास्त, म्हणून थांबल्यावरच त्रास." काही जण हीच तपासणी कार्बोरेटर क्लीनर मारून करतात. तो पेट घेतो, घरी नको.

मी म्हटलं, अरे, आत्ताच तर हाफ इंजिन केलंय. पिशवी आणून दाखवली. त्यानं गॅसकेट हातात धरलं.

"मामा, ह्यात मोठी भोकं किती?"

"तीन."

"आन् आपल्या गाडीला प्लग किती?"

मी सातवीला गणित शिकवतो.

रविवारी अंगणातच काम काढलं. इंजिन थंड. फ्यूल पंपाचा फ्यूज काढून गाडी आपोआप बंद पडेपर्यंत चालवली, म्हणजे पाइपातला दाब उतरतो. मग बॅटरीची निगेटिव्ह वायर काढली, प्रत्येक होजचा आणि कपलरचा फोटो घेतला. हेडच्या कव्हरच्या बोल्टांवर वर्षानुवर्षांचा तेलकट धुळीचा थर तसाच होता, पाना लागलेलाच नव्हता. मॅनिफोल्ड निघाल्यावर खरं 'इंजिन काम' दिसलं. चिरलेल्या जुन्या पॅकिंगच्या कडेनं सिलिकॉन फासलेलं. साधं सिलिकॉन पेट्रोलच्या वाफेत फुगतं आणि सुटतं. दिवा मिस्त्रीनं नुसता स्कॅनरनं पुसला असणार.

हेडच्या भोकांत स्वच्छ कापडाचे बोळे कोंबले आणि प्लास्टिकच्या पट्टीनं सिलिकॉन खरवडलं. ॲल्युमिनियमवर लोखंडी पाती किंवा पॉलिश पेपर चालवायचा नाही, चरे पडले की पुन्हा गळती. नवं पॅकिंग ३४० रुपयांचं. बोल्ट मधून सुरू करून बाहेरच्या बाजूला, तीन फेऱ्यांत आवळले. शेवटची फेरी मागून आणलेल्या टॉर्क रेंचनं, गाडीच्या मॅन्युअलमधल्या आकड्यावर. अंदाजानं जोर लावला तर हेडचे आटे जातात. बोळे काढलेत ना हे भाच्यानं दोनदा विचारलं. गाडी सुरू झाली आणि रेस ८०० वर येऊन थांबली ती हललीच नाही.

ग्राहक हेल्पलाइनला, १९१५ ला, फोन केला. पहिला प्रश्न बिलाचा. माझ्याकडं वहीचा कागद.

पिशवी घेऊन गॅरेजला गेलो. मिस्त्री जराही चपापला नाही. "पोरानं पिशवी बदलली असंल सर," म्हणत भिंतीकडं वळला. खिळ्यांना तशाच पाच-सहा पिशव्या टांगलेल्या होत्या. एकीत डोकावून पाहिलं, ठेवली. दुसरी काढून माझ्यापुढं केली. त्यातलं गॅसकेट चार भोकांचं होतं.

"घ्या, ही तुमची."