ॲक्सोलॉटलच्या टाकीतलं गढूळ पाणी: स्पंज फिल्टर आणि टेस्ट किट दहा महिने वापरल्यावर

मोगराला घरी आणून दहा महिने झाले. मोगरा म्हणजे पांढरा ॲक्सोलॉटल, आयुष्यभर पाण्यातच राहणारा उभयचर प्राणी, गुलाबी कल्ल्यांचा. नाव लेकीने ठेवलं. आम्ही मँचेस्टरला राहतो, टाकी तीन फुटी आहे, साधारण १४० लिटरची. या दहा महिन्यांत पाणी तीनदा गढूळ झालं आणि तिन्ही वेळा कारण वेगळं निघालं. त्या नादात बऱ्याच वस्तू घेतल्या. त्यातल्या कुठल्या कामाच्या ठरल्या आणि कुठल्या नाही, ते सविस्तर लिहिते, कारण पहिल्या महिन्यात मला हेच कुणीतरी सांगायला हवं होतं.

आधी फिल्टर. टाकीबरोबर काठाला अडकवायचा फिल्टर आला होता. त्याची धार मोगराला सोसेना. कल्ल्यांची टोकं पुढे वळलेली, शेपटीचं टोक हुकासारखं. वाहत्या पाण्याचा ताण आला की हे प्राणी असेच दिसतात. मूळचे ते मेक्सिको सिटीतल्या सोचिमिल्कोच्या संथ पाण्यातले. म्हणून दोन स्पंजांचा, हवेच्या पंपावर चालणारा फिल्टर आणला. दोन दिवसांत कल्ले मोकळे झाले. या एका गोष्टीसाठी मी या फिल्टरला पूर्ण गुण देते. मात्र पाण्यात तरंगणारा बारीक कण तो पकडत नाही. आरशासारखं पाणी हवं असेल तर नुसत्या स्पंजाने ते मिळत नाही.

पहिला गढूळपणा मोगराला टाकीत सोडल्यावर पाचव्या दिवशी आला. दुकानात सांगितलं होतं की आठवडाभर फिल्टर चालू ठेवा आणि मग प्राणी सोडा. तसंच केलं. पाणी ताकावरच्या निवळीसारखं पांढुरकं झालं. मला वाटलं स्पंज घाण झाले, म्हणून ते नळाखाली खळखळून धुतले. ही माझी सगळ्यात मोठी चूक. विष्ठेतून आणि सडक्या अन्नातून येणारा विषारी अमोनिया पचवणारे जिवाणू स्पंजात नुकतेच रुजू लागलेले असतात, नळाच्या पाण्यातलं क्लोरीन त्यांना मारतं. स्पंज धुवायचा तो टाकीतूनच काढलेल्या बादलीभर पाण्यात, हलक्या हाताने दाबून, आणि दोन्ही एका दिवशी नाही.

मग पाणी निवळवणाऱ्या औषधाची बाटली आणली. सकाळी पाणी स्वच्छ, तिसऱ्या दिवशी पुन्हा दुधाळ. साताऱ्याहून आई व्हिडिओ कॉलवर म्हणाली, "अगं, तुरटी फिरव की जरा." आमच्याकडे पावसाळ्यात नळाला लाल पाणी आलं की हंड्यात तुरटीच फिरवायचे. बाटलीतलं औषधही तेच करतं, कणांचे गोळे करून खाली बसवतं. पण आमच्या टाकीतला पांढरेपणा मातीचा नव्हताच, तो पाण्यात तरंगणाऱ्या दुसऱ्याच जिवाणूंचा होता. विष्ठा आणि उरलेलं अन्न यांवर ते वाढत होते. खाली बसवले तरी अन्न शिल्लक होतं, म्हणून पुन्हा वाढले. ती बाटली मी परत घेणार नाही. कण गोळा करणारी कुठलीही गोष्ट इतक्या नाजूक, उघड्या कल्ल्यांच्या जवळ मला नको आहे.

तेव्हा थेंब टाकून रंग जुळवायचं टेस्ट किट मागवलं, सुमारे ३० पौंडांचं. स्वस्त पट्ट्या पाहिल्या होत्या, पण त्यांत बहुधा अमोनियाची चाचणीच नसते, आणि आपल्याला पहिली तीच लागते. पहिल्याच चाचणीत अमोनिया लिटरमागे २ मिलिग्रॅम निघाला. तो शून्य असायला हवा. पाणी दिसायला वाईट होतं हा खरा प्रश्न नव्हता. मोगरा अमोनियात बसला होता. त्याच रात्री त्याला मोठ्या प्लास्टिकच्या टबात हलवलं. रोज क्लोरीन काढलेलं, टबाच्याच तापमानाचं ताजं पाणी. रिकाम्या टाकीत स्पंजातले जिवाणू वाढावेत म्हणून हीटर लावून २६ अंश ठेवले आणि बाटलीतला अमोनिया मोजून घालत राहिले. सात आठवडे लागले. आधी अमोनिया उतरला, मग जिवाणू त्याचं करतात ते नायट्राइट, तेही विषारीच, चढलं आणि उतरलं, शेवटी उरलं फक्त त्यापासून होणारं, बरंच कमी घातक नायट्रेट. रोज टब बदलताना कंबर दुखायची, लेक शाळेतून आली की आधी टबाशी बसायची. पण मोगरा खात होता, एवढं पुरे होतं. टाकी पुन्हा १७ अंशांवर आली, मग त्याला सोडलं. पांढरेपणा त्याआधीच, कशानेही न हटवता, आपोआप गेला होता.

दुसरी वेळ मला जास्त शिकवून गेली. डिसेंबरअखेर आम्ही तीन आठवडे साताऱ्याला गेलो. परत आलो तर पाणी धुरकट. फिल्टर चालू, स्पंज ठीक, तरी अमोनिया १. तयार झालेली टाकी अशी का बिघडावी? पीएच पाहिला तर ६, किटवरचा सगळ्यात खालचा रंग. म्हणजे पाणी आम्ल झालं होतं. आम्ल शोषून पीएच टिकवते ती क्षारता, म्हणजे केएच, पण त्या किटात ती मोजायची बाटली नव्हती. ती वेगळी आणली. टाकीच्या पाण्यात पहिल्याच थेंबाला रंग पालटला. नळाच्या पाण्यात दुसऱ्या थेंबाला. एक थेंब म्हणजे क्षारतेचा एक अंश, म्हणजे टाकीत ती जवळजवळ संपली होती.

मँचेस्टरचं पाणी मोठ्या प्रमाणात उत्तरेकडच्या डोंगराळ लेक डिस्ट्रिक्टमधल्या थर्लमिअर आणि हॉजवॉटर या तलावांतून येतं. थर्लमिअरचं तर १८९४ पासून नुसत्या उताराने वाहत येतं. तिथल्या कठीण खडकावरून येताना पाण्यात चुना, आणि त्याबरोबर येणारी क्षारता, जवळजवळ उतरतच नाही. चहाला, केस धुवायला उत्तम. पण जिवाणू १ मिलिग्रॅम अमोनिया-नायट्रोजनचं नायट्रेट करतात तेव्हा सुमारे ७ मिलिग्रॅम क्षारता खर्च होते. दोन अंश म्हणजे लिटरमागे ३६ मिलिग्रॅम. हिशेब केला तर आमच्या पाण्यात नायट्रेट २० च्या आसपास पोचेपर्यंत क्षारता संपलेली असते. मग पीएच कोसळतो आणि अमोनिया खाणारे जिवाणू जवळजवळ थांबतात. इतर ठिकाणी नायट्रेट २० म्हणजे टाकी छान चाललीय. आमच्याकडे तीच धोक्याची खूण आहे. तीन आठवडे पाणी बदललं नव्हतं आणि मागे रोज खाणं पडत होतं, त्यामुळे सगळं एकदम झालं. तुरटीसुद्धा क्षारताच खाते. आईचं तेव्हा ऐकलं असतं तर हे आणखी आधी घडलं असतं.

इथे एक सावधगिरी मनापासून सांगते. पीएच ६ असताना अमोनियाचा बहुतेक भाग कमी विषारी रूपात असतो. घाबरून टाकीत खायचा सोडा घातला, किंवा अर्धं पाणी बदलून पीएच झटकन चढवला, तर तोच अमोनिया विषारी रूपात येतो, प्राणी आत असताना. म्हणून मी मोगराला आधी टबात घेतलं, त्यात ताजं पाणी तासाभरात पेल्यापेल्याने वाढवलं आणि मगच टाकीला हात लावला.

त्यावर उपाय स्वस्त निघाला. पोवळ्याचे चिरडलेले तुकडे जाळीच्या पिशवीत बांधून स्पंजाशेजारी ठेवले. पाणी आम्लाकडे झुकलं की ते हळूहळू विरघळतात आणि क्षारता भरून काढतात. तुकडे सुटे अजिबात टाकू नका, ॲक्सोलॉटल तोंडाजवळ येईल ते गिळतो आणि खडा पोटात अडकतो. तळाला खडी नको, ते याच कारणाने. तीन आठवड्यांत केएच ५ झाला, पीएच ७.४ वर थांबला.

तिसरी वेळ जूनमधली, किरकोळ. लाकडी ओंडक्यामागे गांडुळाचा तुकडा सडत होता. रबरी फुग्याच्या मोठ्या ड्रॉपरने काढला, पाव पाणी बदललं, दोन दिवसांत निवळलं. आता खाणं दिल्यावर अर्ध्या तासाने टॉर्च घेऊन कोपरे बघतो, ते काम लेकीचं.

हे सगळं पुन्हा विकत घ्यायचं झालं तर टेस्ट किट पहिलं, केएचच्या बाटलीसकट आणि प्राणी आणायच्या दोन महिने आधी. स्पंज फिल्टर हाच. गेल्या रविवारच्या चाचणीत अमोनिया ०, नायट्राइट ०, नायट्रेट १०, केएच ५. केएच ४ वर उतरला की पिशवीतले तुकडे बदलायचे, तशी कॅलेंडरवर खूण करून ठेवली आहे.