प्लॅनेरिया पुनर्जनन संच: कृमी उत्तम, पत्रक अपुरं

प्लॅनेरिया म्हणजे गोड्या पाण्यातला चपटा कृमी; कापला तर तुटलेला भाग तो पुन्हा वाढवतो, आणि तेच विद्यार्थ्यांना दाखवायचा हा संच. कोकणात तो मागवायचा तर डिसेंबर-जानेवारीतच मागवा. प्लॅनेरियाला १८ ते २२ अंश तापमान मानवतं. संचासोबतच्या माहितीपत्रकात नुसतं ‘खोलीचं तापमान’ छापलंय. रत्नागिरीत मे महिन्यात ते तिशीच्या वर असतं. पार्सल सोमवारी निघेल असं बघा. शनिवार-रविवार बंद डब्यात अडकलं तर कृमी जिवंत हाती लागणार नाहीत.

डब्यात दहा कृमी, दोन पेट्री डिश, ड्रॉपर, ब्लेड, क्षारांची पुडी आणि सुकं खाद्य येतं. कृमी खरोखर चांगले आहेत: सेंटिमीटरभर लांब, अखंड, टॉर्च मारला की अंधाराकडे सरकणारे. खाद्य मात्र वापरू नका, पाण्यात विरघळून रात्रीत वास मारतं. त्यापेक्षा कोंबडीच्या कलेजीचा मुगाएवढा तुकडा आठवड्यातून एकदा द्या आणि तासाभराने उरलेला काढून पाणी बदला.

सगळ्यात जास्त घोटाळा पाण्यात होतो. नळाच्या पाण्यातलं क्लोरीन त्यांना मारतं. खाडीकाठच्या विहिरी उन्हाळ्यात मचूळ होतात, त्याही नकोत. तांब्याच्या कळशीतलं पाणी तर अजिबात नको, कारण तांबं या कृमींना विषारी आहे. बाटलीबंद शुद्ध पाण्यात पुडीतले क्षार मापाने घालणं सर्वांत सुरक्षित.

कापण्याआधी सात दिवस उपाशी ठेवा, नाहीतर आतड्यातला मळ सांडून जखम सडते. डिश बर्फावर ठेवली की कृमी आखडत नाही. डोळ्यांच्या मागे एकच सरळ काप द्या, ब्लेड पुढेमागे घासू नका. डोळ्यांच्या पुढचं टोक कापलं तर त्या तुकड्यापासून काहीच वाढत नाही. तिथे निओब्लास्ट, म्हणजे मूलपेशी, नसतात.

‘जुन्या चेतापेशी वाढून नवा मेंदू होतो’ हे पत्रकातलं वाक्य चूक आहे, आणि संचातला हा सर्वांत मोठा दोष. नव्या चेतापेशी निओब्लास्टपासून बनतात. पोटाच्या बाजूने गेलेले दोन चेतारज्जू धडात शाबूत असतात. त्यांची कापलेली टोकं पुढे वाढून नव्या मेंदूला जोडली जातात. दोन-तीन दिवसांत कापाजागी पांढुरका उंचवटा दिसतो, तो ब्लास्टिमा, म्हणजे नव्या पेशींचा कोंब. चौथ्या-पाचव्या दिवशी डोळ्यांचे काळे ठिपके उमटतात. पत्रक इथेच ‘प्रयोग पूर्ण’ म्हणतं. पण डोळे दिसले म्हणजे जोडणी झाली असं नाही. पाचव्या दिवसापासून रोज डिशच्या एका बाजूला टॉर्च लावा आणि दुसऱ्या बाजूवर काळा कागद ठेवा. धडाचा तुकडा थेट कागदाखाली गेला, की डोळ्यांपासून मेंदूपर्यंतची वाट तयार झाली. साधारण आठवडाभरात हे दिसतं, आणि विद्यार्थ्यांना दाखवण्यासारखं खरं तेच आहे.

डोक्याच्या तुकड्याला, आणि वेगळा काप देऊन शेपटी तोडली असेल तर तिच्याही तुकड्याला, दोन आठवडे कलेजी देऊ नका. त्यांना अन्न ओढून घेणारी ग्रसनी आधी नव्याने घडवावी लागते.