५३,९५० रुपयांचा न आलेला झोपाळा

आधीच सांगतो, "तुम्हाला कळलं कसं नाही?" हा प्रश्न विचारू नका. बायकोने विचारून झालाय, जावयाने विचारून झालाय, पोलीस ठाण्यातल्या माझ्या मुलाच्या वयाच्या हवालदारानेही विचारून झालाय. मी एका कारखान्याच्या डिस्पॅच खात्यात बावीस वर्षं काढली. बिल्टी, टू-पे, वाराई, गोडाऊन डिलिव्हरी या शब्दांवर माझं घर चाललं. तरी फसलो. खरं म्हणजे म्हणूनच फसलो, कारण समोरचा माणूस तेच शब्द माझ्यापेक्षा सफाईने बोलत होता.

निवृत्तीनंतरची एकच हौस होती, गुजरातमधल्या संखेड्याचा झोपाळा. सागाचं लाकूड, त्यावर लाखेचं काम, गडद लाल रंगावर सोनेरी नक्षी. सासऱ्यांच्या घरी होता, लग्न ठरायला गेलो तेव्हा त्याच्यावरच बसवलं होतं मला. फोनवर जाहिरात दिसली. किंमत ५८,००० रुपये, निम्मे आगाऊ, निम्मे माल घरात लागल्यावर. हे "लागल्यावर" ऐकलं आणि मी निर्धास्त झालो. २९,००० पाठवले.

इथून पुढे विक्रेत्याने मला कामाला लावलं. लिफ्टच्या दाराचं माप पाठवा. जिन्याच्या वळणाचा फोटो पाठवा. टेम्पो गेटच्या आत येतो का? सोसायटीत दुपारी माल चढवू देतात का? तुम्हीच सांगा, चोर कधी लिफ्टचं माप विचारतो का? मला तर वाटलं, एवढा काळजीवाहू विक्रेता मुंबईत शोधून सापडायचा नाही.

पाट सहा फूट बाय अडीच फूट. आमच्या लिफ्टचं दार ३१ इंच. मी फ्रिजच्या खोक्याचा पुठ्ठा जोडून त्याच मापाचा पाट कापला आणि वॉचमनला घेऊन तो लिफ्टमध्ये उभा, आडवा, तिरका घालून बघितला. दार बंद होईना. मग जिन्याने चौथ्या मजल्यापर्यंत नेला. दुसऱ्या मजल्याच्या वळणावर चपलांच्या कपाटाला अडकला. त्या शेजाऱ्यांना विनवणी करून कपाट हलवून घेतलं. सेक्रेटरीचं पत्र घेतलं, सोसायटीकडे २,००० अनामत ठेवली, सुताराकडून स्लॅबला चार हूक ठोकून घेतले, त्याचे २,८०० वेगळे. अख्ख्या बिल्डिंगला माहीत, काकांचा झोपाळा येतोय. पुठ्ठ्याचा पाट जिन्यात कुठे अडकतो हे बघण्यात आठ दिवस गेले. त्या आठ दिवसांत मी त्याचं बिल एकदाही नीट वाचलं नाही.

भाड्याचा विषय निघाला तेव्हा मी सवयीने म्हटलं, टू-पे करा, म्हणजे भाडं माल मिळाल्यावर. तो हसला. "साहेब, टू-पेचा माल भिवंडीच्या गोडाऊनला उतरणार, तिथून दुसऱ्या टेम्पोत. पॉलिशला एक ओरखडा पडला तर मला शिव्या द्याल. पेड करा, डायरेक्ट गाडी लावतो." मुद्दा बिनतोड. गोडाऊनला काय होतं ते मी डोळ्यांनी पाहिलेलं आहे. ४,६५० भरले. (भाडं टू-पेच ठेवा. भिवंडी असो की कळंबोली, स्वतः जा, माल बघा, मग पैसे. ओरखडा परवडतो.)

बिल्टीचा, म्हणजे ट्रान्सपोर्टच्या पावतीचा, फोटो आला, बिल आलं, गाडी नंबर आला. चौदा सेकंदांचा व्हिडिओही आला: किंतानात गुंडाळलेलं काहीतरी, त्यावर मार्करने माझं आडनाव आणि खाली "मुलुंड पूर्व". तो व्हिडिओ मी नातेवाइकांना पाठवला. किंतानाच्या आत काय होतं ते देव जाणे.

त्या बिलावरचा जीएसटी क्रमांक ०७ ने सुरू होत होता. ०७ म्हणजे दिल्ली. गुजरातचा २४, आपला २७. एका आकड्यासाठी मी लोकांची बिलं परत पाठवलेली आहेत! पंधरा अक्षरी क्रमांक जीएसटीच्या पोर्टलवर टाकला की कुणाच्या नावावर आहे ते फुकटात दिसतं. नंतर टाकला. दिल्लीतल्या कुठल्यातरी भलत्याच धंद्याचा निघाला. आणि ट्रकचा म्हणून दिलेला नंबर परिवहनच्या ॲपवर टाकला तर स्कूटर. माझा झोपाळा संखेड्याहून स्कूटरवर निघाला होता.

मग ई-वे बिल, म्हणजे माल वाहतुकीसाठी जीएसटीखाली काढायचा ऑनलाइन कागद. माल ५०,००० च्या वर, राज्याबाहेरून येणार, ई-वे बिल लागतं हे खरं आहे. तिथेच तर मेख आहे, निम्मं खरं सांगायचं. "ई-वे बिल आणि इन्शुरन्सचे पंधरा टक्के, डिलिव्हरीला परत." ८,७०० गेले. ई-वे बिल काढायला सरकार एक पैसा घेत नाही. त्याचा क्रमांक बारा अंकी असतो. मला पाठवलेला अकरा अंकी होता. मोजला कोणी?

आता जे सांगणार आहे ते लिहायची लाज वाटते, पण लिहितो. गुरुवारी सकाळी अकराला "ड्रायव्हर"चा फोन. मागे हॉर्न वाजतायत, कोणीतरी ओरडतंय. "साहेब, गाडी मुलुंड नाक्यावर अडवली. जकात भरा म्हणतात, वीस टक्के, ११,६००. पावती मिळेल, शेठ वळते करून देतील."

जकात! मुंबईतली जकात १ जुलै २०१७ ला जीएसटी आला त्या दिवशी बंद झाली. आता तर छोट्या गाड्यांचा टोलही गेला. मी राहतो मुलुंडमध्ये. नाका माझ्या घरापासून रिक्षाने दहा मिनिटं, त्या ओस पडलेल्या जागेवरून मी कितीदा ये-जा करतो. खाली उतरून बघून आलो असतो तर रिक्षाच्या भाड्यात ११,६०० वाचले असते. पण मी स्टुलावर उभा होतो, हुकांचं अंतर शेवटचं मोजत होतो. हिने स्वयंपाकघरातून विचारलं, "अहो, जकात बंद झाली ना?" आणि मी तिला म्हणालो, "तुला कळतं का त्यातलं काही?"

स्टुलावरून न उतरता पिन टाकला.

माझी बाजूही ऐका. नोकरीभर नाक्यावर अडलेल्या गाड्या सोडवल्या. "गाडी नाक्यावर अडली" म्हटलं की डोकं विचार करत नाही, हात खिशात जातो. शिवाय तोवर ४२,३५० गेले होते, माल दाराशी आलेला, अकरा हजारांसाठी कोण मागे फिरतं? त्याला हेच पक्कं माहीत होतं. दुपारी दोनला दोन्ही नंबर बंद. माझे दोन हमाल संध्याकाळी सहापर्यंत गेटवर बसून होते, त्यांना रोज द्यावा लागला तो वेगळाच.

एकूण ५३,९५०. हूक आणि हमाल धरलेले नाहीत.

आता आपल्या यंत्रणेचं ऐका. १९३० ला, सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनला, फोन केला. लागला चाळीस मिनिटांनी. तोवर पैसे कुठल्या कुठे. (पैसे गेले की रडत बसू नका, आधी १९३०, मग घरच्यांना सांगा. मी दोन्ही केलं नाही, दोन तास कुणालाच सांगितलं नाही.) बँकेत गेलो. ती मुलगी म्हणाली, पिन तुम्हीच टाकलात, म्हणजे व्यवहार तुमच्या मर्जीचा. मर्जीचा! पोलीस ठाण्यात सांगितलं, माल गुजरातचा, तिकडे तक्रार करा. मी म्हटलं, १ जुलै २०२४ पासून नवीन नागरिक सुरक्षा संहिता लागू आहे, कलम १७३ नुसार गुन्हा कुठेही घडला असला तरी माहिती नोंदवून घ्यावी लागते. हवालदार म्हणाला, "काका, वकील आहात का?" मग म्हणाला, "चोपन्न हजार ना? आत चोपन्न लाखवाले बसलेत." तीन खेपा झाल्या. तिसऱ्या खेपेला अर्ज घेतला, पोच दिली, गुन्हा नाही. पोचेवर माझं आडनाव चुकलेलं. दुरुस्त करायला चौथी खेप.

कुठल्यातरी राज्यातल्या कुठल्यातरी खात्यात माझ्या पैशातले ३,१८० रुपये गोठवले आहेत म्हणे. ते मिळवायला कोर्टाचा आदेश आणा, असं मला सांगितलं. ग्राहक हेल्पलाइन १९१५ वरची बाई तेवढी माणसासारखी बोलली. ग्राहक आयोगात पाच लाखांपर्यंत फी नाही, तक्रार घरबसल्या करता येते, सगळं खरं. फॉर्ममध्ये पहिला रकाना विरुद्ध पक्षाचा पत्ता. तो पत्ता असता तर मी आयोगात गेलो असतो का? पुठ्ठ्याचा पाट घेऊन थेट त्याच्या दारात गेलो असतो.

ट्रान्सपोर्टवाल्याचा नंबर विक्रेत्याकडून घेऊ नका, स्वतः शोधून त्यांच्या ऑफिसला बिल्टी नंबर विचारा. "परत मिळणारे" पैसे भरू नका. गाडी वाटेत अडली तर तो विक्रेत्याचा प्रश्न. आणि घरातलं माणूस काही विचारत असेल तर आधी स्टुलावरून खाली उतरा.

हूक अजून तसेच आहेत. वॉचमनने पहिले चार दिवस विचारलं, आता तो माझ्याकडे बघायचं टाळतो.

काल एक फोन आला. बाई होती, गोड आवाज. "रिफंड विभागातून बोलतेय, आपले ५३,९५० मंजूर झालेत, फाइल चार्ज ९९९ भरा." आकडा अगदी बरोबर होता. खोटं कशाला बोलू, मी ऐकत होतो. कागद-पेन घेऊन खाते क्रमांक लिहायला बसलो होतो. हिने फोन हातातून काढून घेतला आणि बंद केला. काही बोलली नाही.